जुना रिबन माइक आणि गिटारचा अ‍ॅम्प: समोर ठेवावा की कपाटातच बरा?

कुळागर
फोंड्याजवळच्या एका घरगुती स्टुडिओत आरसीए ७७-डीएक्स हा जुना रिबन माइक (पातळ धातूच्या पट्टीने आवाज टिपणारा) वापरायला मिळतोय. माइक चालू आहे, पण पट्टी मूळची की बदललेली ते कळायला मार्ग नाही. समोर २२ वॉटचा ट्यूब कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), १२ इंची एकच स्पीकर, मागून उघडा. खोली जुन्या घरातली: चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली टाइल्स, छताला पंखा. गिटारचा आवाज क्लीन ते मध्यम क्रंच, मेटल वगैरे काही नाही.

विचारायचंय ते असं. अ‍ॅम्पच्या आवाजाने पट्टी जाईल का? अंतर किती ठेवू? इंटरफेसवर ४८ व्होल्टचं (फँटम) बटण दोन्ही चॅनेलना मिळून एकच आहे आणि दुसऱ्या चॅनेलवर खोलीसाठी कंडेन्सर माइक लावायचाय, त्याला हे ४८ व्होल्ट लागतात, त्याचं काय करू? आणि जोडीला एसएम५७ (शुअरचा साधा डायनॅमिक माइक) लावण्यात अर्थ आहे का?

'५७ घे आणि मोकळा हो' हे उत्तर ठाऊक आहे, तेवढं सोडून बोला.

खडपे
५७ घे आणि मोकळा हो.

तिसरी तार
खडपे, गप रे.

कुळागर, पहिल्या प्रश्नात सगळ्यांचा गोंधळ होतो. पट्टीचा वैरी मोठा आवाज नाही, सरकणारी हवा. आरसीएच्या पट्ट्या साधारण अडीच मायक्रॉन जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सैल टांगलेल्या. आवाजाच्या लाटेने पट्टी हलते आणि परत जागेवर येते. वाऱ्याचा झोत मात्र तिला एकाच बाजूला ढकलतो. ती ताणली की ताणली, मग पूर्वपदावर येत नाही.

झोत येतो कुठून? पुढे भोक असलेलं कॅबिनेट असेल तर त्या भोकातून. तुमचा कॉम्बो मागून उघडा, म्हणजे ती भीती कमी. दुसरा आणि जास्त घातकी झोत म्हणजे धप्पकन येणारा आवाज: अ‍ॅम्प चालू असताना गिटारची जॅक काढणं, स्टँडबाय टाकणं, पेडलची वायर हलवणं. त्या वेळी स्पीकरचा कोन (हलणारा कागदी पडदा) मिलिमीटरांत उडी मारतो. म्हणून क्रम पाळा. जॅक, पेडल, स्टँडबाय सगळं आधी उरकायचं, माइक सर्वांत शेवटी समोर सरकवायचा. उचलताना उलट: माइक आधी बाजूला, मग बाकीचं.

हवा सरकते का ते माइक ठेवण्याआधी बघून घ्या. माइकच्या जागी पेटलेली अगरबत्ती धरा आणि जोरात पॉवर कॉर्ड वाजवा. धूर नुसता थरथरला तर ठीक, एका दिशेला ढकलला गेला तर मागे सरका. बघून झालं की अगरबत्ती बाहेर न्या, धुराची काजळी जाळीवर नको. शिवाय गाण्याला लावतात तो कापडी पॉप फिल्टर मध्ये उभा करा. आवाजात फरक जवळपास शून्य, झोत मात्र मोडतो. आणि माइक सरळ तोंडासमोर न धरता दहापंधरा अंश तिरका करा, म्हणजे झोत आलाच तर पट्टीवर सपाट आदळत नाही.

वाळपईकर
असहमत, निदान अर्धा.

७७-डीएक्स १९५४ च्या सुमारास बाजारात आला तो रेडिओ आणि टीव्हीवरच्या बोलण्या-गाण्यासाठी. ट्यूब अ‍ॅम्पसमोर ठेवायला नव्हे. त्यात पट्टीचं वय माहीत नाही. बीबीसीच्या आराखड्यावरून निघालेल्या कोल्स ४०३८ ची पट्टी ०.६ मायक्रॉनची, आणि त्याची मर्यादा कंपनीच १२५ डीबी सांगते. म्हणजे आवाजाला मर्यादा आहेच की. गिटारसाठी जुन्या धाटणीचा रिबन हवा असेल तर बायरचा एम१६०. दोन पट्ट्या, मागून कमी ऐकणारा, आकाराने लहान, आजही नवा मिळतो. हेंड्रिक्सच्या गिटारवरही तो वापरला गेलाय. ७७ सारखी वस्तू गायकासमोर ठेवा.

तिसरी तार
मर्यादा आहे हे मान्य, पण आपण तिच्या जवळ तरी जातोय का ते मोजू.

१२ इंची गिटार स्पीकरची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर ९८ डीबी धरा. २२ वॉट म्हणजे १३ डीबी जास्त, १११. ३० सेंटिमीटरवर आणखी दहा, म्हणजे १२१. हे झालं अ‍ॅम्प पूर्ण फाडल्यावर. रेकॉर्डिंगला अ‍ॅम्प दोन वॉटच्या आसपास चालला तरी खोली भरते, तेव्हा त्याच जागी आकडा १११. म्हणजे पूर्ण फाडण्यापेक्षा १० डीबी कमी. क्रंच हवा म्हणून अ‍ॅम्प वर न्यायचाच असेल तर स्पीकरच्या अलीकडे अटेन्युएटर (स्पीकरला जाणारी ताकद कमी करणारी पेटी) लावा, किंवा माइक ६० सेंटिमीटरवर न्या, ६ डीबी आपोआप उतरतात.

एम१६० उत्तम आहे यात वाद नाही. पण प्रश्न ७७ चा आहे.

वाळपईकर
आकडे बरोबर. तरी मी पहिल्यांदा ६० वरच लावेन.

सोलकढी
सहमत. मला एवढंच विचारायचंय की रिबनवर गिटार गोड का वाटते? की जुनं ते सोनं, एवढंच?

खुंटीमास्तर
सोलकढीताई, कारण साधं आहे. ५७ ला ५ ते ६ किलोहर्ट्झला मुद्दाम दिलेला उठाव आहे. गिटारच्या स्पीकरलाही वरच्या मधल्या पट्ट्यात स्वतःचा उठाव असतो. टोचऱ्यावर टोचरं चढलं की कान दुखतात. रिबनची स्वतःची कंपनसंख्या ऐकू येण्याच्या तळाशी, काही दहा हर्ट्झांत; वर कुठे उठाव नाही, उलट हळूहळू उतार. आणि रिबनला वरचं ऐकू येत नाही ही तक्रार इथे लागूच होत नाही. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅक या गिटार स्पीकरचा पल्ला कंपनीच ७५ ते ५००० हर्ट्झ लिहिते. त्यावर नाव घेण्याजोगं काही नाहीच, माइक गमावणार काय?

माइकमधले अल्निकोचे (मिश्रधातूचे) जुने चुंबक थकलेत म्हणून आवाज मऊ येतो, हाही प्रकार असतो. पण तेव्हा लेव्हलही पडते. त्याला गोडवा म्हणत नाहीत.

लाल माती
फँटमबद्दल कोणीच बोललं नाही, आणि इथे तीच मेख आहे.

माइकमधला ट्रान्सफॉर्मर धड, केबल धड, तर ४८ व्होल्टने रिबन मरत नाही. पिन २ आणि ३ वर सारखाच दाब येतो, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून प्रवाह वाहत नाही, पट्टीला काही कळतही नाही. पण अट 'धड'ची आहे. एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) खोचताना दोन पिना एकाच क्षणी टेकत नाहीत. तेवढ्या वेळात प्रवाहाचा झटका गुंडाळीत जातो, पलीकडे पट्टीला हिसका बसतो. जॅकची पॅचबे (वायरी जोडायची पाटी) असेल तर त्याहून वाईट. आणि ज्या केबलमध्ये पिन ३ स्क्रीनला (केबलच्या बाहेरच्या जाळीला) जोडलेली असते, तीत झटका नाही, कायमचा प्रवाह. जुन्या माइकांच्या शेपट्या कुणी कशा बदलल्यात देव जाणे.

तेव्हा मल्टिमीटरवर केबल तपासा: १-१, २-२, ३-३, आणि आपापसात काही जुळत नाही ना. माइकपासून सुटी केबल, बरं का. दोन्ही चॅनेलना एकच बटण असेल तर सोपी वाट म्हणजे खोलीसाठी कंडेन्सरऐवजी डायनॅमिक लावा आणि ४८ व्होल्ट बंदच ठेवा. कंडेन्सर हवाच असेल तर रिबनच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, त्यातून डीसी पलीकडे जात नाही. बटण बंद केल्यावर पूर्ण मिनिटभर थांबून मगच केबलला हात लावायचा. कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो.

मांडवीकाठ
क्लाउडलिफ्टरसारखी डबी मध्ये टाकली की झालं की. ती ४८ व्होल्ट स्वतः खाते, माइककडे सोडत नाही. वर २५ डीबी गेन (आवाजाची वाढ) फुकट.

लाल माती
मांडवीकाठ, अडवायला चालेल, पण गिटारवर तो गेन नको. हिशेब करा. १ पास्कलला १ मिलिव्होल्ट देणारा रिबन धरू, एम१६० चा आकडा तोच आहे. १११ डीबी म्हणजे ७ पास्कल, म्हणजे ७ मिलिव्होल्ट. लाइन लेव्हलला न्यायला ४५ डीबी पुरतात, साधा इंटरफेस एवढं देतो. त्यात २५ डीबीची डबी घातली तर प्रीअ‍ॅम्पचा (इंटरफेसमधला माइकचा आवाज वाढवणारा भाग) गेन तळाला जातो. ती डबी शांत वाद्यांना.

प्रीअ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स (त्याचा विद्युत रोध) मात्र बघा. माइक २५० ओहमच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीवर) असेल तर प्रीअ‍ॅम्प निदान १.५ किलोओहम, जास्त असेल तर चांगलंच. कमी पडला की पट्टीच्या कंपनसंख्येजवळचा बास बसतो आणि वरची टोकं बोथट होतात. ७७ ला ३०, १५० आणि २५० असे टॅप आहेत. कुणी ३० वर जोडून ठेवला असेल तर आवाज उगाच पडेल, मग लोक म्हणणार माइक गेला.

निरांजन
जरा अवांतर. हाच माइक भजनाच्या पेटीला चालेल का? आणि घुमटाला?

तिसरी तार
पेटीला झकास. भात्याच्या मागे नको, वरून समोर ५० सेंटिमीटरवर. तिथे मात्र ६० डीबीपर्यंत गेन लागेल, मांडवीकाठांची डबी तिथे कामाला येते.

घुमटाला चामड्याच्या बाजूने, हातभर लांबून, तिरका. उघड्या तोंडासमोर चुकूनही नको. डावा हात तोंडावर उघडमीट करतो तेव्हा तिथून निघतो तो निव्वळ वाऱ्याचा भपका. पट्टी एका आरतीतच जाईल.

खडपे
पेटीला ५७ चालतो.

खुंटीमास्तर
परत गिटारकडे. कुळागर, ७७ च्या पाठीवर पॅटर्न बदलायची, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायची खाच आहे: यू (एकाच बाजूने ऐकतो), एन (सगळीकडून), बी (पुढून-मागून). तळाशी दुसरी: एम, व्ही१, व्ही२. बहुतेक लोक ती तशीच ठेवून 'आवाज चिखल येतो' म्हणतात. एम म्हणजे संगीत, पूर्ण बास. दोन्ही व्ही बोलण्यासाठी, खालचा भाग कमीजास्त कापतात. अ‍ॅम्पला जवळ लावलात तर व्ही१ करून बघा, नंतर इक्यूत झगडण्यापेक्षा बरं.

माइक जवळ आणला की बास फुगतो, तो फुगवटा किती ते आकड्यात सांगतो. बी म्हणजे दोन्हीकडून सारखं ऐकणाऱ्या पॅटर्नवर, १०० हर्ट्झला, १५ सेंटिमीटरवर साडेअकरा डीबी, ३० वर सहा, ६० वर अडीच. हे बिंदूएवढ्या स्रोताचं गणित आहे, १२ इंची कोनासमोर थोडं कमी होईल, पण चढ-उतार असाच. गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झ, म्हणजे नेमकी याच फुगवट्यात. क्लीन रिदमला ३० वर तो सहा डीबीचा भराव सुखद असतो. बास गिटार आणि किक असलेल्या गाण्यात ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा बास कापणारा फिल्टर) टाकावाच लागतो.

कोनाच्या कुठल्या जागी? डस्ट कॅपच्या (कोनाच्या मधल्या गोल टोपीच्या) कडेपासून सुरू करा आणि बाहेरच्या बाजूला दोन-दोन सेंटिमीटर सरकवा. ५७ ला मध्यावर टोचतं म्हणून बाहेर पळतो तसं रिबनला करू नका, बाहेर गेलात की पांघरूण घातल्यासारखा आवाज येईल. रिबनला मध्याच्या जवळच राहू द्या.

साखळीवाला
माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली.

कुळागर
खुंटीमास्तर, पाठीची खाच एन वर होती! हे पाहिलंच नव्हतं. टाइल्सवाल्या खोलीत यू ठेवू की बी?

खुंटीमास्तर
आधी यू. मागची खोली कमी येते, फुगवटाही बी पेक्षा कमी.

तिसरी तार
मी बी म्हणेन. ७७ चा यू पॅटर्न वरच्या सुरांत एकसारखा राहत नाही, रंग बदलतो. खोलीचा बंदोबस्त गादीने करा: माइकच्या मागे मीटरभर अंतरावर कापसाची गादी उभी, भिंतीपासून वीतभर सोडून. भिंतीला चिकटवलीत तर खालच्या सुरांना काडीचा उपयोग नाही. कॉम्बोखाली सुंभाची चटई किंवा दुमडलेली गोधडी, टाइल्सवरून येणारं पहिलं परावर्तन तिथेच मरतं.

बी चा आणखी एक फायदा, आपल्याकडे जून ते सप्टेंबर फार कामाचा. आठच्या आकड्याचे, म्हणजे बी पॅटर्नचे, बहिरे भाग फक्त डाव्या-उजव्या बाजूला नसतात. पट्टीच्या कडेच्या अख्ख्या प्रतलात माइक बहिरा, म्हणजे वर आणि खालीसुद्धा. माइक सरळ उभा ठेवला तर डोक्यावरच्या कौलांवर पडणारा पाऊस थेट येत नाही, भिंतींवरून फिरून येतो तेवढाच. तिरका करायचा तर डावीकडे-उजवीकडे वळवा, पुढे झुकवू नका. झुकवलात की कौलं ऐकू येणार.

सोलकढी
कौलांवरचा पाऊस ऐकू यायलाच हवा, तो तर गाण्यातला चांगला भाग.

मांडवीकाठ
पंखा! इतकं सगळं बोलून कोणी पंखा बंद करा म्हणालं नाही. छताच्या पंख्याचा वारा पट्टीवर सतत पडतो, घुर्र असा खालचा आवाज येतो आणि पट्टी एका बाजूला ताणून राहते. एसीचा झोतही तसाच.

पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुणही येते, विशेषतः इलेक्ट्रॉनिक असेल तर. आणि अ‍ॅम्पचा मेन्स ट्रान्सफॉर्मर चेसिसच्या एका टोकाला असतो, मागून डोकावून बघा. माइक ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध बाजूने आणा. तरी ५० हर्ट्झ आलाच तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करून, हेडफोन लावून माइक जागच्या जागी हळूहळू फिरवा. एका कोनात गुणगुण बुडते. त्या कोनातून पाचदहा अंशांत आवाज बिघडत नाही, गुणगुण मात्र भलतीच घटते.

लाल माती
धुळीचं राहिलं, आणि माझ्या नावाला जागून ते मीच सांगायला हवं. रिबनमध्ये जबरदस्त चुंबक आहे, लोखंडाचा कण जाळीजवळ आला की आत ओढला जातो आणि पट्टी व ध्रुव यांच्या केसाएवढ्या फटीत बसतो. मग खरखर सुरू. खाणपट्ट्यातली लाल धूळ नुसती माती नव्हे, आपल्या खनिजात हेमटाइटबरोबर मॅग्नेटाइटही असतं. डिचोली, सांगेच्या बाजूला माइक उघडा ठेवूच नका. स्टुडिओतला त्याहून मोठा चोर म्हणजे गिटारच्या तारांची टोकं. तारा बदलायचं काम दुसऱ्या खोलीत. टेबल पुसल्याशिवाय त्यावर माइक नको, आणि स्पीकर कॅबिनेटवर तर कधीच नको.

जाळीवर कण दिसला तर फुंकर मारू नका! फुंकर म्हणजे आपल्याच तोंडाने मारलेला झोत. चिकटपट्टीचा तुकडा काडीच्या टोकाला लावून बाहेरून अलगद टिपा. आत गेला असेल तर तो जाणकाराकडे जाऊ दे.

पावसाळ्यात हवाबंद डबा, दहा लिटरला पाव किलो नारिंगी सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के ठेवा. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास. किनाऱ्याजवळ घर असेल तर खारी हवा अ‍ॅल्युमिनियमला बारीक छिद्रं पाडते, तिथे सत्र संपलं की लगेच डब्यात. आणि डब्यातही माइक उभाच. आडवा ठेवलात की पट्टी स्वतःच्या वजनाने लोंबते.

वाळपईकर
हे सगळं वाचून माझं मत अर्ध्याचं पाव झालं. पण ५७ च्या जोडीचं कुणी बोललेलं नाही. तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं.

५७ जाळीला टेकवून, कोनापासून ३ सेंटिमीटर. रिबन ३० वर. अंतरात २७ सेंटिमीटरचा फरक, आपल्या उकाड्यात आवाजाचा वेग ३४९ मीटर धरला तर पाऊण मिलिसेकंद. दोन्ही एकत्र केले की ६५० हर्ट्झला मोठा खड्डा पडतो, गिटारच्या ऐन छातीत. वाट दोन. एक, ४८ किलोहर्ट्झवर ५७ चा ट्रॅक ३७ सँपल उशिरा सरकवा, नंतर कानाने दोनचार इकडेतिकडे. दुसरी, ५७ सुद्धा मागे घ्या आणि दोघांच्या पट्टी-पडद्याची पातळी एका रेषेत आणा. जाळीची नव्हे, ७७ मध्ये पट्टी जाळीच्या बरीच आत असते.

नेमकं जुळवायला एका चॅनेलची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटी करा, लेव्हल सारखी ठेवा, कुणाला तरी एकच कॉर्ड वाजवत ठेवा आणि ५७ हलवत जा. आवाज जिथे सर्वांत पातळ होईल तिथे थांबा. पोलॅरिटी परत सरळ केली की तिथेच तो सर्वांत भरलेला असतो.

लाल माती
+१. एक पुस्ती. 'पिन २ गरम', म्हणजे सरळ लाट पिन २ वर, हा ठराव एईएसने (ऑडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने) १९९२ मध्ये लिहून पक्का केला. त्याआधीच्या कित्येक उपकरणांत पिन ३ गरम असायची. कुळागरांचा माइक मुळातच ५७ च्या उलटा असू शकतो, मग सरळ ठेवल्यावर पातळ आणि उलटा केल्यावर भरलेला, असं उलटंपालटं ऐकू येईल. घाबरू नका, भरलेलं ऐका. केबलवर चिठ्ठी चिकटवून ठेवा.

कुळागर
देव बरें करूं, सगळ्यांना. तर असं लावतोय: बी पॅटर्न, तळाची खाच व्ही१, कोनापासून ४५ सेंटिमीटर, डस्ट कॅपच्या कडेवर, पंधरा अंश आडवा तिरका, मध्ये पॉप फिल्टर. ४८ व्होल्ट बंद, कंडेन्सर रद्द. जोडीला ५७.

शेवटचं एक. पट्टी ढिली झालीय का हे सुरुवात करण्याआधी ओळखायचं कसं? मल्टिमीटर लावून ओहम मोजू?

तिसरी तार
मल्टिमीटर नको! ओहमच्या पट्ट्यावर मीटर प्रवाह सोडतो, ट्रान्सफॉर्मरमार्गे पट्टीला हिसका बसतो. आणि हाती लागतो तो आकडा गुंडाळीचा. पट्टी तुटून पडली असली तरी मीटर सगळं आलबेल दाखवेल.

कानाने ओळखा. माइक मीटरभर दूर, कुणीतरी सावकाश बोलू दे, हेडफोन लावा. आधी पुढून, मग मागून. बी वर दोन्हीकडून लेव्हल जवळपास सारखी हवी. मोठा फरक असेल तर पट्टी एका बाजूला सरकलीय. मग माइक अगदी हळू पुढे-मागे कलवा. खर्र असं घासल्यासारखं आलं तर पट्टी ध्रुवाला टेकतेय. खालचा आवाज फडफडतो आणि एकूण लेव्हल कमी, तर ढिली. यातलं काहीही निघालं तर अ‍ॅम्पसमोर नेऊ नका, नवी पट्टी बसवून घ्यावी लागेल. तोपर्यंत खडपेंचा ५७ आहेच.

खुंटीमास्तर
आणि स्टँड वजनदार घ्या. ७७ दीड किलोच्या आत-बाहेर आहे. बूम पूर्ण लांब केलीत तर हलका स्टँड टाइल्सवर आडवा होतो. बूम एका पायाच्या बरोबर वर आणा, त्या पायावर वाळूची पिशवी.

कुळागर
पिशवी आहे. बोलून-ऐकून तपासलं: पुढून-मागून सारखं, खरखर नाही. व्ही१ वर क्लीन जरा बारीक वाटतंय, तेव्हा एम वर नेऊन ६० वर सरकतो.